पुढच्या वर्षी काय आवडेल

उद्धवरावांनी आपला मोबाइल सुनेच्या मोबाइलशेजारी उभा केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"बोल आता. मले समजत नाही म्हणून काही बी बोलशीन, तसं नको."

पुष्पांजलीला स्पॅनिशची तोंडी परीक्षा देऊ दिली ती याच अटीवर: घरात, त्यांच्यासमोर. मागं तिनं नोकरीचं नाव काढलं तेव्हा उद्धवरावांनी तिचा मोबाइल विहिरीत टाकला होता. नवरा गजेंद्र काठावर उभा राहून बघत होता. मर्द माणूस.

मोबाइलमधल्या परीक्षक बाईंनी विचारलं, पुढच्या वर्षी तुला काय करायला आवडेल?

पाठ केलेलं उत्तर तयार होतं. पोहणं, फुलझाडं. पण हा प्रश्न तिला आजवर कुठल्याच भाषेत कुणी विचारला नव्हता. खरं तेच बाहेर आलं.

"मे गुस्तारीआ विविर सोला एन पुणे. नो मे गुस्तारीआ वोल्वेर आ एस्ता कासा."

पुण्यात एकटी राहायला आवडेल. या घरात परत यायला आवडणार नाही.

बाई हसल्या. परीक्षा संपली.

उद्धवरावांनी रेकॉर्डिंग पुण्याच्या भाच्याला पाठवलं. "अविनाशले येते ही भाषा. कंपनीत तेच काम हाय त्याचं."

पुष्पांजली स्वयंपाकघरात गेली. धुतलेला पेला पुन्हा धुऊ लागली. सासू भिमाबाई भाकर थापत होत्या.

मोबाइल वाजला. उद्धवरावांनी आवाज मोठा केला.

"मामा, वहिनी म्हणते, पुढच्या वर्षी बी मामीच्या हातचं वांग्याचं भरीत खायाले आवडन. घर सोडून कुठं जाऊ वाटत नाही. अन् वहिनीले सांगजा, तिचं बोलणं मले पुरं समजलं."

उद्धवराव खूश झाले. "काऊन वं, इतकं आवडते का हिले तुह्या हातचं भरीत?"

भिमाबाईंचा हात पिठात थांबला. वांग्याचा घास गेला की सुनेचे ओठ सुजतात. भरीत असलं की तिच्यापुरतं पिठलं त्याच टाकत आल्या होत्या. आधी जेवून उठणाऱ्या पुरुषांना मागं बायका काय खातात ते कशाला माहीत असणार?

त्यांनी सुनेकडे पाहिलं. पुष्पांजलीनं पेला छातीशी धरला.

"हाव," भिमाबाई तव्याकडे वळत म्हणाल्या, "लय आवडते तिले."