फियाटमधला गारवा

महाडात कमलाकरांना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या फियाटवरून ओळखणारे लोक जास्त होते. भूमी अभिलेखच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं जमिनी मोजल्या. या हद्दीचा दगड त्या हद्दीत गेला तर काय होतं हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की, जी वस्तू जिथे आहे ती तिथेच राहिली पाहिजे, हा त्यांचा स्वभावच होऊन बसला. फियाट अडुसष्ट सालची. एका जुन्या डॉक्टरांच्या पडवीत टायर बसलेल्या अवस्थेत त्यांना ती सापडली, तेव्हापासून तिचा एकेक भाग त्यांनी शोधून, घासूनपुसून पुन्हा मूळचा केला होता. स्टीअरिंगखालचा गिअर, पुढची सलग सीट, काळा डायनामो, सगळं कारखान्यातून निघालं तसं. पुण्याला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मूळ रूप जपल्याबद्दल तिला करंडक मिळाला होता. २०२१च्या पुरात पाणी गल्लीत शिरू लागलं तेव्हा त्यांनी आधी गाडी टेकाडावर नेऊन लावली आणि मग घरातलं सामान माळ्यावर चढवायला घेतलं. त्यांच्या पत्नी अनुपमाबाई हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगायच्या.

अनुपमाबाई पोलादपूरच्या शाळेत शिक्षिका होत्या. रविवारी दोघं फियाटमधून बाहेर पडायची. कधी नाते गावाला, कधी सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर, कधी घाट चढून वर. बाई शेजारी बसायच्या, खिडकीची काच खाली करून हात बाहेर ठेवायच्या आणि रस्त्यात दिसेल त्या विद्यार्थ्याला नावाने हाक मारायच्या.

तीन वर्षांपूर्वी बाईंच्या पायांत मुंग्या येऊ लागल्या. मग एका डोळ्याला धूसर दिसू लागलं. पुण्यात तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, मज्जातंतूंचा आजार आहे, पूर्ण बरा होणारा नाही, पण औषधाने आटोक्यात राहील. बाईंनी वेळेआधी निवृत्ती घेतली आणि हळूहळू रविवारचं बाहेर पडणंही थांबवलं.

"तुम्ही जाऊन या," त्या म्हणायच्या. "मला आता गाडीत कंटाळा येतो."

कमलाकरांना हे लागलं होतं. दर रविवारी गाडी पुसताना ते मनात म्हणत, हिला आता माझ्या गोष्टींचा कंटाळा येतो.

यंदा मार्चमध्ये तपासणीसाठी पुण्याला भाड्याच्या गाडीने जावं लागलं. गाडी एसीची होती, पण उंच. बाईंचा पाय वर उचलला जाईना. शेवटी चालकाने आणि कमलाकरांनी दोन्हीकडून धरून त्यांना आत चढवलं. त्या पदर सावरत हसल्या, पण नंतर घाट संपेपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले आणि सहज म्हणाल्या, "घराबाहेर पडता ना? माणसांत मिसळता ना?"

"नाही," अनुपमाबाई म्हणाल्या. "उन्हात अंग तापलं की माझे पाय जातात. डोळ्यांपुढे पांढरं होतं. आमच्या गाडीत एसी नाही. म्हणून दोन वर्षांत कुठे गेलेली नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. या आजारात उष्णतेने असं होतं, थंड जागेत आलं की तासाभरात पूर्ववतही होतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. कमलाकरांना त्यातलं फारसं ऐकू आलं नाही. बायकोच्या तोंडून हे वाक्य दुसऱ्या कुणासमोर पहिल्यांदा ऐकावं लागलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्ही मूळचा स्क्रू मिळेना म्हणून सहा महिने गाडी उभी ठेवलेला माणूस. तिला भोकं पाडा म्हणून मी सांगू?"

मुलगा गंधार फोनवर म्हणाला, "बाबा, सरळ एसीची नवीन गाडी घ्या." बोलणं शहाणपणाचं होतं. शेजाऱ्यांनी त्यांची नवी गाडी, बाईंनी बसून बघावं म्हणून, दारात आणून उभी केली. बाई उतरत्या छताखाली डोकं वाकवून खोल सीटमध्ये बसल्या, पण उठताना त्यांना हाताला धरून ओढून काढावं लागलं. मग त्या काठी टेकत फियाटजवळ गेल्या, दार उघडलं, खुर्चीत बसावं तशा आधी बसल्या आणि मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. कुणाची मदत न घेता. कमलाकर पाहत होते. त्यांनी त्याच संध्याकाळी चंदनला फोन केला.

चंदन अनुपमाबाईंचा विद्यार्थी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर त्याची वाडी. बारा वर्षं मुंबईत गाड्यांच्या एसीचं काम करून तो परतला होता आणि हमरस्त्यालगत त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. फियाटचं बॉनेट उघडून तो बराच वेळ नुसता बघत राहिला.

"साहेब, येवडा साफ इंजिन मी मुंबईत पन नाय बगितला," तो म्हणाला. "एसी बसंल. कॉम्प्रेसर छोट्या गाडीचा घेऊ. गॅस थंड करायची जाळी रेडिएटरच्या म्होरं, कूलिंगचा डबा डॅशबोर्डच्या खाली टांगू. डॅशबोर्ड नाय कापायचा. पन डायनामो काडायला लागंल."

"का?"

"डायनामो गाडी पळती तवर करंट देतो. गाडी हुबी ऱ्हायली, इंजिन हळू झाला, की काय नाय देत. एसीचा पंखा, जाळीचा पंखा, दोन्ही बॅटरीवर येनार. अल्टरनेटर इंजिन हळू असला तरी बी करंट देतो. त्यो टाकू."

"डायनामो राहू दे," कमलाकर म्हणाले. "आम्ही काही मुंबईच्या गर्दीत नाही चालवत. बाकी तू म्हणशील ते कर."

चंदनने दोनदा समजावलं. मग त्याने विषय सोडला. वयाने मोठ्या माणसाशी, त्यातून बाईंच्या यजमानांशी, किती वाद घालायचा.

काम आठ दिवस चाललं. रोज सकाळी कमलाकर एसटीने पोलादपूरला जाऊन गॅरेजमध्ये स्टुलावर बसायचे. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला नळ्यांसाठी दोन भोकं पाडायची वेळ आली तेव्हा ते उठले आणि समोरच्या हॉटेलात चहाला गेले. ड्रिलचा आवाज तिथपर्यंत आला. चहा तसाच निवला. परत आल्यावर चंदनने त्यांना भोकांच्या कडा दाखवल्या. कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, गंजू नये म्हणून रंग लावून वर रबर बसवलं होतं. कमलाकरांनी बोटाने ते रबर चाचपलं आणि म्हणाले, "नीट केलंयस."

दारांची जुनी रबरं बदलली, छताच्या आत उष्णता अडवणारं अस्तर घातलं, गॅस भरला. एप्रिलच्या एका शनिवारी बाईंना फियाटमध्ये बसवून कमलाकर पोलादपूरला आले. येताना सगळं सुरळीत झालं. चंदनने पट्टे तपासले, बाईंनी त्याच्या मुलीची चौकशी केली, आणि दोघं परत निघाली. आत छान गारवा होता. बाईंनी कपाळ पुढे करून झोताजवळ धरलं. "अहो, हे आधीच करायला हवं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. कमलाकरांना तीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं.

औद्योगिक वसाहतीच्या फाट्याजवळ दुपारी तीनला कारखान्यांची पाळी सुटते, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. बसगाड्या, मोटारसायकली, त्यात एक टँकर आडवा. गाड्या जागच्या जागी थांबल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पेटलेलाच होता. झोत मंद झाला. कमलाकरांनी ॲक्सिलरेटर दाबून इंजिन जोरात ठेवलं, तशी तापमानाची सुई वर चढू लागली. त्यांनी पाय सोडला. इंजिनने दोन आचके दिले आणि गाडी बंद पडली. चावी फिरवली तर नुसता ‘टक’ आवाज.

बंद काचांआड पाच मिनिटांत भट्टी झाली. काचा उघडल्या तर बाहेरून डांबराची वाफ आत आली. बाईंनी डोळे मिटले होते.

"अनू?"

"दिसत नाहीये नीट," त्या शांतपणे म्हणाल्या. "पायांचं काही कळत नाही. घाबरू नका. पाणी असेल तर मानेवर घाला."

पाळी सुटलेल्या कामगारांपैकी चार-पाच जण धावत आले. त्यांनी गाडी ढकलत कडेच्या झाडाखाली नेली. दोन बायका बसमधून उतरल्या, त्यांनी ओला रुमाल बाईंच्या डोक्यावर ठेवला आणि पुठ्ठ्याने वारा घालत राहिल्या. कमलाकर बाजूला उभे होते. त्यांच्या हातात चावी होती आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं. चंदनला ओळखणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याने आपणहून त्याला फोन लावून दिला. अर्ध्या तासात चंदन दुसरी बॅटरी घेऊन आला. तोवर बाईंना समोरच्या औषधाच्या दुकानात बसवलं होतं, तिथे एसी होता. तासाभराने त्यांना हळूहळू दिसू लागलं.

चंदन डायनामोबद्दल अवाक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं कमलाकरांना वाटलं.

त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "चूक माझी. तो सांगत होता."

"ठाऊक आहे मला. आज गॅरेजात तुम्ही जरा बाहेर गेलात तेव्हा तो मलाही म्हणाला होता," बाई म्हणाल्या.

"मग तू का नाही बोललीस?"

बाईंनी जरा विचार केला. "तुम्ही भोकं पाडायला तयार झालात, तेच मला खूप वाटलं. आणखी मागायला जीव होईना."

कमलाकर उठले. त्यांनी दोघांची ताटं घासायला घेतली आणि बराच वेळ मोरीतच उभे राहिले.

सोमवारी ते गॅरेजमध्ये गेले तेव्हा चंदन अल्टरनेटर पुसत होता. त्याने तो आधीच आणून ठेवला होता.

"पाना दे," कमलाकर म्हणाले.

"मी करतो ना, साहेब."

"नाही. मी बसवलाय, मीच काढणार."

बाही वर करून ते बॉनेटखाली वाकले. पट्टा सैल केला, वायरी सोडवल्या. खालचा बोल्ट हलेना, तेव्हा चंदनने पान्याला नळी लावून दिली आणि दोघांनी मिळून जोर लावला. डायनामो निघाला तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना वंगण लागलं होतं. अल्टरनेटरसाठी चंदनने लोखंडी पट्टीची नवी बैठक केली होती. ती दोनदा बसवून पाहिली, पट्टा सरळ येईना, तिसऱ्यांदा घासून बसवली. चंदनने जाळीपुढे मोठा पंखाही लावला. मग गाडी उन्हात उभी करून, सगळं चालू ठेवून, दोघं तासभर तिच्यापुढे बसून राहिले. दिवा पेटला नाही. सुई मध्यावरून हलली नाही.

"आता हुबी ऱ्हावंद्या किती बी," चंदन म्हणाला. "फकस्त खड्या चढाला एसी बंद करा. इंजिन म्हातारा हाय, दोन्ही कामा एकदम नको."

निघताना चंदन जरा घुटमळला. "साहेब, आय बाईंची लय आठवन काडते. शाळंत खिचडी शिजवायची ना ती. आता गुडगं गेलं, वाडीतून खाली उतरवत नाय तिला."

चंदनची आई बायजा. कमलाकरांना ती आठवत होती. बाई शाळेत रुजू झाल्या त्या पहिल्या दिवसापासूनची मैत्रीण. एकमेकींच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पोहोचवलेल्या.

मेच्या पहिल्या रविवारी दुपारी बारा वाजता, मुद्दाम भर उन्हात, दोघं निघाली. फाट्यावर टँकरांची रांग होती. गाडी पंधरा मिनिटं थांबली. बाईंनी एकदा लाल दिव्याच्या जागेकडे पाहिलं, मग कमलाकरांकडे, आणि पुन्हा बाहेर बघू लागल्या. पोलादपूर मागे टाकल्यावर वाडीचा चढ सुरू झाला. कमलाकरांनी एसी बंद केला, काचा मिटलेल्याच ठेवल्या. दुसऱ्या गिअरवर गाडी कण्हत चढत होती. आतला गारवा वरपर्यंत जेमतेम पुरला. सपाटी लागताच त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

बायजा अंगणात उभी होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. घरावर पत्रा होता, आत बसणं बाईंना शक्य नव्हतं. कमलाकर याचाच विचार करत होते, तोवर बाईंनी काच थोडी खाली केली.

"बायजा, आत ये. इथेच बसू."

"गाडीत? माजं पाय शेनानं भरल्यात."

"येतेस की मी उतरू?"

कमलाकर उतरून बाजूला झाले आणि बायजा त्यांच्या जागी, स्टीअरिंगसमोर, अंग चोरून बसली. दार लागलं. गार वारा तोंडावर आला तशी तिने डोळे मिटले, मग उघडले आणि काहीतरी बोलली. बाईंनी तिचा हात धरला.

तिचा नवरा सखा आंब्याखाली घोंगडी टाकत होता. कमलाकर तिथे जाऊन बसले. सखाने ताकाचा तांब्या पुढे केला. समोर फियाटचं इंजिन हळू आवाजात चालू होतं. बंद काचांमागे दोघी बायका एकाच वेळी बोलत होत्या, मध्येच हसत होत्या, आणि एकदा बायजाने पदर डोळ्यांना लावला.

"लय येळ चालू ऱ्हायली तर गाडी खराब नाय ना व्हायची?" सखाने विचारलं.

"नाही होणार," कमलाकर म्हणाले. "बसू देत."

ऊन उतरेपर्यंत दोघी गाडीतून बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा अनुपमाबाई आपल्या पायांनी उतरल्या आणि गोठ्यातलं नवं वासरू बघायला म्हणून काठी टेकत निघाल्या. बायजा आपला गुडघा धरून त्यांच्या मागे. कमलाकर उठून सोबत जायला निघाले, पण बाईंनी मागे न वळताच हाताने त्यांना बसा म्हणून खुणावलं. मग ते बसले. सखाने ताकाचा तांब्या पुन्हा भरून आणला.