शालिकरामच्या दुकानावरचा टिन

मी एक जुना टिनाचा पत्रा आहे. नालीदार, गंजलेला आणि एका कोपऱ्यात दुमडलेला. मित्रांनो, आपली हकिकत सांगताना बहुतेकांची मान ताठ असते. माझी मान खाली आहे. तरी सांगतो, कारण उन्हाळा तोंडावर आला आहे आणि तुमच्यापैकी कित्येकांच्या घरांवर माझेच भाऊबंद बसलेले आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तापलेल्या लोखंडाला लाटून माझी चादर केली, वितळलेल्या जस्तात बुडवून मला चकचकीत केलं आणि शेवटी दाबून माझ्या अंगावर लाटा पाडल्या. मालगाडीनं मी नागपूरला आलो. शालिकराम नावाच्या तरुणानं मला विकत घेतलं. सदर बाजाराच्या मागच्या एका गल्लीत त्याचं सायकली भाड्यानं देण्याचं दुकान होतं आणि दुकानाला लागूनच घर. त्यानं स्वतः शिडीवर चढून लोखंडी आकड्यांनी मला लाकडी वाशांना आवळून टाकलं.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. उन्हातून सायकली फिरवून आलेली पोरं माझ्या सावलीत शिरली की सुस्कारा सोडायची. पाऊस आला की रस्त्यावरची माणसं, कधी एखादी गायसुद्धा, माझ्याखाली येऊन थांबायची. शालिकराम मोठ्या दिमाखानं गिऱ्हाइकांना सांगायचा, "पक्का टिन आहे आपला. एकदा ठोकला, आता पाहाचं काम नाही."

आणि खरंच त्यानं नंतर कधी वर पाहिलं नाही. मित्रांनो, आम्ही पत्रे लवकर मरत नाही. आधी मरतात ते आकडे. ओल धरून ते गंजतात, वासा आतून किडतो आणि एखादा कोपरा हळूच सुटतो. माझा रस्त्याकडचा कोपरा असाच सुटला. जरा वारा आला की मी खडखडू लागे. शालिकरामची बायको प्रेमिला तो आवाज ऐकून बेचैन व्हायची.

"अहो, तो कोपऱ्यातला टिन केव्हाचा वाजून राहिला. काहून चढत नाही वर तुम्ही?"

"चढतो वं. एवढी काय घाई आहे?"

शेवटी कटकट नको म्हणून तो शिडीवर अर्धा चढला आणि त्यानं माझ्यावर काही विटा नि एक फाटकं टायर ठेवून दिलं. माझा आवाज थांबला. आवाज थांबला म्हणजे काम झालं, असं त्याला वाटलं. पण वजन ठेवल्यानं छप्पर बांधलं जात नाही. वादळ वरून दाबत नाही, ते खालून शिरतं आणि उचलतं.

आणीबाणी उठली त्या सालचा वैशाख होता. एके दिवशी दुपारपर्यंत ऊन नुसतं भाजत होतं, आणि एकाएकी वारा पडला. पान हलेना. घारी खाली उतरल्या. पश्चिमेकडून आभाळ आधी पिवळं, मग मातकट झालं आणि धुळीची एक उंच भिंत गल्लीकडे येताना मला वरून दिसली. मला दिसली, पण मला ओरडता येत नव्हतं.

प्रेमिला मात्र ओरडली. "पोट्टेहो, सायकली सोडा अन् आत या! झाडाखाली थांबू नका!"

"वावटळ आहे, जाते आत्ता," शालिकराम हसून म्हणाला.

समोरच्या घरात गोपिकाबाई राहायची. वयानं मोठी, हातानं माठ थापणारी. तिचे माठ दारापुढं मांडलेले असत. उन्हाळ्यात माठ विकून तिचं वर्ष निघायचं. वादळ आलेलं पाहून ती माठ आत घ्यायला बाहेर धावली.

तेवढ्यात वारा माझ्या पोटाखाली शिरला. विटा गडगडत रस्त्यावर पडल्या, आकडे तुटले आणि मी उडालो. खरं सांगतो मित्रांनो, इतकी वर्षं एका जागी पडून राहिल्यावर ते वर जाणं मला क्षणभर आवडलं. ते आठवलं की मला अजून कसंतरी होतं. कारण दुसऱ्याच क्षणी मी आडवा फिरलो आणि माझी कड गोपिकाबाईच्या उजव्या हातात शिरली.

वादळ ओसरलं तेव्हा गल्ली जमली होती. फुटलेल्या माठांच्या खापऱ्यांत गोपिकाबाई बसली होती, हात रक्तानं भरला होता आणि मी शेजारी पडलो होतो. कोणीतरी विचारलं, "हा टिन कोनाचा गा?"

शालिकराम तिथंच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"कुठून उडून आला काय माहीत," तो म्हणाला. "आपला नाही."

मी ज्याच्या डोक्यावर वर्षानुवर्षं ऊन झेललं, त्यानं मला ओळखलं नाही. पण मला त्याहून जास्त लाज वाटली ती याची, की ओळख सांगण्यासारखं मी काही केलंच नव्हतं.

प्रेमिला ओलं फडकं घेऊन धावत आली. तिनं गोपिकाबाईचा हात घट्ट बांधला, आणि मान वर न करता म्हणाली, "आमचाच आहे. दुकानात जाऊन वर पाहा, आभाळ दिसून राहिलं."

शालिकराम उभ्या उभ्या काळाठिक्कर पडला. मग त्यानंच रिक्षा आणली आणि गोपिकाबाईला दवाखान्यात नेलं.

हात वाचला, पण दोन बोटं मिटेनात. माठ ठोकायची लाकडी थापी धरता येईना. शालिकराम काही दिवस दुकानाबाहेर पडला नाही. मग एका सकाळी तो तिच्या ओट्यापुढं जाऊन उभा राहिला.

"गोपिकाबाई, चुकलं माझं. आकडे पाहाले पाहिजे होते."

तिनं दुखरा हात मांडीवर घेतला. "टिन उडाला त्याचा मले राग नाही गा, शालिकराम. वारा कोनाचंही उडवते. पन मी समोर रक्तात बसली होती, अन् तू 'आपला नाही' म्हनला. ते हातापेक्षा जास्त लागलं."

तो तिथंच खाली बसला. त्या उन्हाळ्यात तिच्या घरात शाबूत उरलेले माठ त्यानंच विकले. माठ वाजवून तडा ओळखायलाही तिनंच त्याला शिकवलं. पुढं तिची सून माठ थापू लागली. आणि शालिकराम दर वर्षी होळी झाली की शिडी खांद्यावर घेऊन गल्लीतल्या एकेका छपरावर चढू लागला. गंजलेले आकडे काढायचे, नवे घालायचे, किडलेला वासा बदलायचा, लोंबणारी फांदी छाटायची. आता त्याचे गुडघे दुखतात. म्हणून प्रेमिला पदर खोचून वर चढते आणि तो खालून शिडी धरतो. "जरा जपून वं," म्हणतो.

मला पुन्हा छपरावर बसवलं नाही. ते योग्यच झालं. दुकानाच्या कडेला, तिच्या दारासमोर मला जमिनीत गाडून, तारेनं बांधून कुंपण केलं आहे.

मित्रांनो, मोठी माणसं "उद्या पाहू" म्हणतील, तुम्ही पुन्हा पुन्हा विचारा. वारा पडला आणि आभाळ मातकट झालं की आत जा. झाडापासून, तारांपासून, पत्र्यांपासून दूर राहा. बाहेर वाळत टाकलेलं, मांडलेलं काही राहिलं तर राहू द्या. माठ पुन्हा थापता येतो. गोपिकाबाई आता नातवाला डाव्या हातानं घास भरवते. तिच्या उजव्या हाताकडे मला अजून सरळ पाहवत नाही.