माया सोडलेलं घर

मी कागदाचं घर बोलतोय. घर म्हटल्यावर लगेच चौकशा करू नका, माझ्यात कुणी राहत नाही. शिवणाच्या मशीनशेजारी दोऱ्याच्या रिळांमागे मी उभा आहे, जरासा वाकडा.

जन्मतः मी घर नव्हतोच. छापखान्यात जाड कागदावर माझ्या भिंती आणि खिडक्या छापल्या आणि सगळा ऐवज एका चपट्या खोक्यात कोंबला. दुकानात रंगीत कागदांच्या गठ्ठ्यांशेजारी मी टांगलेला असायचो. मुलं यायची, मला उलटसुलट करायची आणि शेवटी चमकीचे स्टिकर घेऊन पळायची. मला भारी राग यायचा.

एक दिवस कपडे शिवणारी एक बाई आली. एरवी ती बटणं आणि लेस घेऊन परस्पर जायची. त्या दिवशी मात्र आमच्या फळीपुढे घुटमळत राहिली.

"आठ वर्षांच्या मुलीसाठी काहीतरी दाखवा ना."

"काय आवडतं तिला?" दुकानदाराने सहज विचारलं.

बाईने मला उचलून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, "लहान होती तेव्हा रंग आवडायचे."

त्याचा अर्थ मला तिच्या घरी गेल्यावर कळला. तिचा संसार मोडला होता. मुलगी दुसऱ्या गावी बापाकडे, आत्याच्या हाताखाली वाढत होती आणि पहिल्यांदाच सुट्टीत आईकडे राहायला येणार होती. "इथे करमलं तर पुन्हा येईल, नाहीतर…" असं ती बहिणीला फोनवर सांगायची आणि पुढचं बोलायची नाही. आता सांगा, एवढं सगळं माझ्यासारख्या कागदी जिवावर टाकायचं म्हणजे काय!

मुलगी आली ती पाहुण्यासारखी. बॅगसुद्धा उघडेना.

"ठकू, हात धुऊन घे," आई म्हणाली.

"मला तिकडे कुणी ठकू म्हणत नाही."

त्यानंतर आईने नुसत्या 'अगं'वर वेळ मारून नेली. शेवटी न राहवून तिने मला कापडं बेतायच्या टेबलावर उघडलं. मुलगी सूचना वाचायची, आई कापायची. हात काय सफाईदार! पण प्रत्येक भिंत कापली ती रेघेच्या बाहेरून, बोटभर कागद राखून.

"आई, रेघेवरच कापायचं असतं. तू बाहेरून का कापतेयस?"

"माया नको का सोडायला?"

"माया म्हणजे?"

"शिवणीच्या बाहेर थोडं जास्तीचं कापड राखतात ना, ती माया. उद्या तू अंगाने भरलीस की उसवून फ्रॉक मोठा करता येतो."

मुलीने माझी भिंत हातात घेऊन नीट पाहिली. "पण घर कुठे अंगाने भरतं?"

आधी आईला हसू फुटलं, मग लेकीला. पोट धरून हसल्या दोघी. माझ्या भिंती जुळेनात, खिडकी दारावर चढली, माझ्या रूपाचे तीनतेरा वाजले. तरी सांगतो, एवढा खूश मी आयुष्यात कधी नव्हतो. संध्याकाळी आईने चुकून 'ठकू' म्हटलं आणि मुलीने ओ दिली.

छप्पर तेवढं राहिलं, कारण बाप ठरल्याआधीच न्यायला आला. दारातच उभा राहून घड्याळ बघत होता.

"पुढच्या सुट्टीत लावू," मुलगी म्हणाली. "तू एकटी लावू नकोस हं."

"नाही गं लावणार."

आईने शब्द पाळला. सुट्ट्या मात्र येत राहिल्या नि जात राहिल्या. कधी पोहण्याचा वर्ग, कधी आत्याचं आजारपण, कधी मैत्रिणीचा हट्ट. फोनवरचं बोलणंही आटत गेलं. मग आई म्हणायची, "छप्पर राहिलंय बरं का अजून," आणि पलीकडून "हो गं, येते" असं यायचं. तेवढ्यावर तिचे पुढचे कितीतरी दिवस निघायचे. गिऱ्हाइकं विचारायची, "हे असं उघडं का ठेवलंय?" ती सांगायची, "लेक येऊन लावणार आहे." उघड्या डोक्याने उभं राहायची मला लाज वाटायची, पण तिचं तोंड बघून गप्प बसायचो.

परवा मुलगी आली. आईच्या खांद्याला लागलेली, तासाभरापुरती. बाप खाली गाडीत थांबलेला. चहा घेता घेता तिची नजर माझ्यावर गेली.

"अजून ठेवलंयस हे? थांब, लावूनच टाकते. किती वर्षं अडकून पडलंय तुझं."

"राहू दे गं. सावकाश करू… पुन्हा येशील तेव्हा…"

"त्यात काय एवढं?" तिने कात्री घेतली, छप्पर बरोब्बर रेघेवर कापलं आणि चिकटवलं. "झालं पण!"

"छान झालं," आई म्हणाली. दुसरं काय म्हणणार बिचारी?

मुलीने मनापासून केलं, तिला दोष नाही. पण तुम्हाला हात जोडून सांगतो, कुणाच्या घरी असं अर्धवट राहिलेलं काही दिसलं तर घाईने पुरं करू नका. आधी विचारा.

गाडी गेल्यावर आई माझ्यापुढे येऊन बसली. छपराची कड तिने नखाने उचलून पाहिली, मग कात्रीच्या टोकाने. गोंद पक्का निघाला. तेवढा कच्चा असता, तर तिला फोनवर बोलायला काहीतरी उरलं असतं.