भुंडीचे करडू

थोरलीने बादलीत हात बुडवला आणि वारेबरोबर पडलेले कोमट पाणी ओंजळीने उचलून करडाच्या पाठीवर, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी चोळले. करडू तिच्या शेळीचे नव्हते; पाणी मात्र तिच्याच शेळीचे होते. भुंडीला मेलेले पिल्लू झाले होते आणि ते अजून कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून होते. शेजारच्या कप्प्यात धाकटीची, म्हणजे तिच्या जावेची, तांबडी जिवंत करडू घालून स्वतः मेली होती. एकीकडे आई नव्हती, दुसरीकडे पिल्लू नव्हते. हिशेब सरळ होता. फक्त तो भुंडीला पटायला हवा होता.

तिने करडू उचलून भुंडीच्या नाकाखाली धरले, तेही शेपटीकडून. शेळी आपले पिल्लू तोंडावरून ओळखत नाही. भुंडीने हुंगले, शिंगे नसलेल्या कपाळाने त्याला ढकलले, पुन्हा हुंगले. मग तिच्या घशातून एक जाड, आतल्या आत विरणारा आवाज आला आणि तिने जीभ बाहेर काढली.

“घेतलं,” थोरली स्वतःशीच म्हणाली.

दाराशी उभ्या असलेल्या धाकटीने ते ऐकले. रडून तिचे डोळे सुजले होते. ती दोन पावले आत आली आणि तिने करडाकडे हात पुढे केला.

“हात लावू नकोस.”

“ताई, नुसतं—”

“नुसतंही नको. तुझ्या हाताला तांबडीचा वास आहे. भुंडीनं एकदा लाथाडलं, की मग देव आला तरी ती त्याला जवळ घेणार नाही.”

धाकटीने हात चटकन मागे घेतला, पाठीशी नेला आणि शिक्षा झालेल्या शाळकरी मुलीसारखी भिंतीला टेकून उभी राहिली. थोरलीचे बोलणे खरे होते. त्यात एका अक्षराची भर नव्हती. तरीही तो हात मागे जाताना पाहून तिला छातीत कुठेतरी थंडगार, गोड असे काही वाटले. ते काय आहे हे पाहायला ती थांबली नाही. बादली उचलून ती बाहेर पडली.

संध्याकाळी सासरे ओसरीवर धाकटीच्या शेजारी बसून तिची समजूत घालत होते. “अशी शेळी पुन्हा मिळायची नाही, धाकटे,” असे ते पुनःपुन्हा म्हणत होते. समजूत घालण्याची त्यांची तीच पद्धत होती. त्या वेळी थोरली कुंपणापलीकडे एकटीच खड्डा खणत होती. गोणपाटातले पिल्लू हलके होते. माती ओढून तिने फावड्याच्या पाठीने ती सारखी केली, फावडे धुतले आणि चुलीपाशी गेली. तिला कोणी काही विचारले नाही.

तांबडी या घरात धाकटीबरोबरच आली होती. तोवर गोठा म्हणजे थोरली, असे समीकरण होते. आसपास कोणाची शेळी अडली की बोलावणे तिला येई. सासरे पाहुण्यांना आधी गोठा दाखवत आणि मग तिला. माहेरची शेळी दोरीने धरून धाकटी उंबऱ्याशी उभी राहिली, तेव्हा थोरलीनेच पुढे होऊन ती दोरी हातात घेतली होती. कास पाहिली, सड पाहिले, दात पाहिले. खोट काढायला जागा नव्हती आणि तेच तिला खटकले.

तांबडीचे दूध दाट होते. चहाचा पहिला घोट घेऊन सासरे सांगत, “आजचा चहा तांबडीचा दिसतोय.” इतर दिवशी चहा कोणाचा आहे, हे त्यांनी जन्मात विचारले नव्हते. गल्लीच्या टोकाला राहणारी शिंपीण तर दारातूनच ओरडे, “तांबडीचं असेल तर द्या, नाहीतर उद्या येते.”

“शेळीचं दूध ते शेळीचं दूध,” थोरली म्हणे. “ओळखायला त्याला काय इस्त्रीची घडी असते?”

एकदा तिने शिंपिणीच्या भांड्यात मुद्दाम भुंडीचे दूध ओतले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी शिंपीण आली ती बोटे चाटत. “याला म्हणतात तांबडीचं दूध! जीव निवला बघा.” जिंकलेली पैज कोणाला सांगता येऊ नये, यासारखी दुसरी अडचण नाही. थोरलीने त्या दिवशी दोनदा गोठा झाडला.

कोंबड्यांची गोष्ट आणखीच विचित्र होती. खुराडे खरवडणे, भांड्यांतले पाणी बदलणे, खुडूक कोंबडीची चोच चुकवत तिच्या पोटाखाली हात घालणे, यांतले काहीच थोरलीला कधी आवडले नव्हते. धाकटी आली तशी तिने कोंबड्या आनंदाने तिच्या स्वाधीन केल्या. पुढे अंडी वाढली आणि त्याचाही तिला राग आला. टाकलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात चमकू लागली, की ती आपण टाकली होती हे कोण लक्षात ठेवते?

आता तांबडी नव्हती. तिचे करडू भुंडीच्या कासेला लुचत होते आणि धाकटी जाळीच्या तारेबाहेर उभी होती.

अंड्यांची टोपली कमरेवर घेऊन ती रोज तिथे थांबे. पहिल्या दिवसांत ती फाटकाकडून येई, पण थोरलीने तिला वळवले. “फाटकाकडून वारा आत येतो. कोंबड्यांच्या बाजूनं उभी राहा.” धाकटी कोंबड्यांच्या बाजूने उभी राहू लागली. पुढे एकदा थोरली म्हणाली, “तुझ्या त्या साबणाला फार वास येतो गं. जनावराला कळतं.” त्यानंतर धाकटीच्या अंगाला धुण्याच्या वडीचा रुक्ष वास येऊ लागला. पाण्याची कळशी घेताना तो थोरलीच्या नाकात शिरला. तिने मान वळवली, पण शब्द परत घेतला नाही.

“ताई, आता घेऊ का जरा?” धाकटी अधूनमधून विचारी.

“अजून नाही.”

सुरुवातीला हे उत्तर खरे होते. ते खोटे कधी झाले, तेही थोरलीला पक्के ठाऊक होते. एका सकाळी ती उपड्या बादलीवर बसून भुंडीची धार काढत होती. करडू चाऱ्याच्या पेंढ्यामागे दिसेनासे झाले तशी भुंडीने धार तोडली, मान वर केली आणि हाक मारली. करडू धावत आले, तिच्या पायाखाली शिरले, मग बाहेर येऊन थोरलीची बाही चघळू लागले. त्याच्या अंगावर तांबडीचा रंग होता आणि एक कान पांढरा होता. “काय रे लबाडा,” थोरली म्हणाली, आणि स्वतःचा आवाज ऐकून तिने इकडेतिकडे पाहिले. काम झाले होते. आता त्या करडाला गावजेवणातून फिरवून आणले असते, तरी भुंडीने त्याला टाकले नसते. त्याच वेळी तारेबाहेरून प्रश्न आला आणि थोरली “अजून नाही” असे म्हणाली. शब्द तेलात घोळल्यासारखा सहज बाहेर पडला.

सासऱ्यांनी जेवताना विषय काढला.

“थोरले, त्या पोरीवरची नाकाबंदी उठणार कधी?”

“बाबा, प्रश्न शेळीच्या नाकाचा आहे, माझ्या नाही.”

“बरं बरं. राग नेमका कुणाच्या नाकावर आहे, एवढंच विचारलं.”

धाकटी हसली आणि त्यांना पाणी द्यायला उठली. थोरलीने ताटातला घास उगाचच दोनदा सारखा केला.

त्या आठवड्याच्या अखेरीस शिंपीण आली ती दुधासाठी नव्हे. थोरली जनावरांच्या भरड्याच्या खोलीत पिंपावर वाकून माप भरत होती. खोलीची मागची भिंत पत्र्याची होती आणि तिच्या पलीकडे खुराडे. त्यामुळे तिकडचे बोलणे शेजारी बसून ऐकावे इतके स्पष्ट येई.

“थोरल्या बाई आहेत का गं? करडाचं लचांड झालंय माझ्याकडे.”

“ताई आत्ता इथेच होत्या. काय झालं, काकू?”

“जुळी झाली. एक काकडत होतं म्हणून मी मेलीनं शालीत गुंडाळून घरात नेलं. सकाळी आईपुढे ठेवलं तर ती त्याला भिंतीवर आपटते. एकाला चाटते नि एकाला आपटते!”

“तुमच्या मशीनच्या तेलाचा वास लागला असेल.”

“मग काय करू? आईच्या अंगालाही तेल चोळू?”

धाकटी खळखळून हसली. मग तिचा आवाज बदलला. तो थोरलीला अनोळखी वाटला. तो विचारणारा नव्हता, सांगणारा होता. “तिचंच दूध काढा आणि पिल्लांच्या पाठीला, शेपटीला चोळा. दोघांच्याही, म्हणजे तिला फरक कळत नाही. तिघांना लहान जागेत कोंडा आणि तुम्ही हात लावू नका.”

“किती दिवस?”

“दोन-तीन. पाजताना ती शेपटी हुंगते आणि हुंगूनही पाजत राहते, असं दिसलं की समजायचं, झालं. तिचं दूध पोटातून गेलं की करडाला तिचाच वास येतो. मग खुशाल मांडीवर घेऊन बसा. माझ्या आईकडे दर वर्षी एखादं तरी असं असायचं.”

थोरलीच्या हातातले माप भरड्यात अर्धे बुडालेले होते. ते तसेच राहिले.

शिंपिणीच्या चपला दोन पावले गेल्या आणि परत आल्या.

“मग तू गं? तुमचं ते पांढऱ्या कानाचं परवा फाटकावर पाय टाकून माझ्याकडे बघत होतं. आणि तू अजून तारेबाहेर उभी, परक्यासारखी.”

टोपलीत अंडी ठेवल्याचा आवाज आला. एक, मग आणखी एक.

“मला इथूनही दिसतं.”

“दिसतं म्हणे! तुझ्या तांबडीचं पोर आहे ते.”

“भुंडीचं आहे आता.” पुन्हा अंड्याचा आवाज. “त्या दिवशी सगळे तांबडीबद्दलच बोलत होते, काकू. भुंडीचंही गेलं होतं ना? ताईंनी एकटीनं खड्डा खणला. मी ओसरीवरून बघत होते. उठलेसुद्धा नाही.”

“तुला हे सगळं येतं, ते जावेला ठाऊक आहे का?”

“त्यांनी कधी विचारलं नाही.”

“आणि तुझ्या तोंडाला काय टाके घातलेत?”

“गोठा त्यांचा आहे.”

“मला एवढी शहाणी जाऊ असती ना,” शिंपीण म्हणाली, “तर मी तिला रोज उठून शिव्या घातल्या असत्या.”

पलीकडे दोघी हसल्या. चपलांचा आवाज गल्लीकडे गेला. कोंबड्या पुन्हा उकरू लागल्या.

थोरलीने माप बाहेर काढले, काठोकाठ भरले, पुन्हा पिंपात रिकामे केले आणि झाकण लावले. हाताला लागलेला भरडा झटकत ती गोठ्यात गेली. भुंडी रवंथ करत बसली होती. तिच्या पाठीवर चढलेले करडू थोरलीला पाहून खाली उडी मारून आले आणि तिच्या गुडघ्याशी डोके घासू लागले. तिने त्याला थोपटले नाही. ती जाळीच्या फाटकाशी गेली आणि कोंबड्यांच्या दिशेने, नेहमीपेक्षा जरा खरखरीत आवाजात ओरडली:

“अगं ए, हात मोकळे आहेत का? मला कप्पा झाडायचाय. हे मधेमधे करतंय. याला धर जरा.”

पलीकडे टोपली उचलल्याचा आवाज आला.

“आले, ताई. हात धुऊन येते.”

“राहू दे. तशीच ये.”

धाकटी आली. टोपली तिने फाटकाबाहेर ठेवली आणि आत येऊन गवतावर मांडी घातली. करडाने तिच्याकडे पाहिले, नाक फेंदारले आणि ते थोरलीच्या मागे जाऊन लपले. तिथून मान काढून पाहिले, पुन्हा लपले. इतके दिवस थोरलीला जे हवे होते, ते पायाशी बिलगून उभे होते. तिने गुडघ्याने त्याला हळूच पुढे सारले. ते परत आले.

“मला ओळखत नाही,” धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

“मी इथं आहे तोवर नाही ओळखायचं. झाडू बाहेर राहिलाय. घेऊन येते.”

थोरली बाहेर पडली, फाटक ओढून घेतले आणि गोठ्याला वळसा घालून खुराड्याकडे आली. झाडू तिथे नव्हता. जाळीलगत एका ठिकाणी गवत पायांखाली झिजून जमीन उघडी पडली होती. दोन पावले मावतील एवढीच जागा. ती त्या जागेवर उभी राहिली आणि तिने आत पाहिले.

समोर गव्हाणीची मागची फळी होती. फळीच्या वर भुंडीच्या कानांची टोके दिसत होती. बाकी काहीच दिसत नव्हते. उन्हाची तिरीप करडाच्या डोळ्यांवर येते असे सांगून ती गव्हाण थोरलीनेच इकडे ओढून घेतली होती. या बाजूला दिवसभर भिंतीची सावली होती.

फळीच्या पलीकडे धाकटी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मग ती थांबली आणि एकदम हसली. थोरलीने तार धरली, टाचा उंचावल्या, मान ताणली, तरी दिसेना. ती तिथेच उभी राहिली.