औंढेकर कोण?

मित्रांनो, मी एक जुना फॉन्ट आहे. संगणकात मी गेल्या वर्षी आलो. त्याआधी तीस वर्षं मी लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानांच्या पाट्यांवर होतो.

टाकवे बुद्रुकचे हौशीराम त्या पाट्या रंगवत. खडूच्या दोरीने रेघा ते मारत, रंग ते भरत. अक्षरं मात्र त्यांची बायको काढायची. मी तिच्या हातून जन्मलो. पोट मोठं, मान ताठ, असा. ती औंढे गावची, म्हणून सासरी सगळे तिला औंढेकरीण म्हणत.

मग तळेगावचा श्रीयश आला. तो फॉन्ट तयार करतो. पाट्यांचे फोटो काढून त्याने विचारलं, "काका, ही अक्षरं कुणाची?"

"आमच्या औंढेकरणीची," हौशीराम म्हणाले. बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलंच नव्हतं.

श्रीयशने माझं नाव ठेवलं 'औंढेकर'. औंढेकरीण त्याला गावठी वाटलं. फॉन्टसोबतच्या पुस्तिकेत त्याने नावामागची कथाही छापली. म्हणे, औंढेकर हे लेखनिकांचं जुनं घराणं. असं घराणं कधी नव्हतं.

पुस्तिका टाकव्यात आली तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. वाचून आधी हसली.

"आवं, ह्यो औंढेकर कोन? आमच्या भावकीत तर असला कुनी न्हाई."

मग हसणं थांबलं. "त्याला सोडू नगा," म्हणाली. माघात ती गेली.

चैत्रात लोणावळ्यात माझं प्रकाशन झालं. पडद्यावर मी भलामोठा दिसत होतो. श्रीयशने हौशीरामांना शाल पांघरवली. त्यांनी ती काढून त्याच्याच अंगावर टाकली आणि माईक ओढला.

"औंढेकर नावाचं कुनी न्हाई. पाट्यांवर पेंटर म्हणून मी माझंच नाव घातलं, ती माझी चूक. पर ह्यानं तिच्या जागी खोटं घराणं उभं केलं. तिचं नाव बयाबाई."

"काका, नंतर बोलू ना," श्रीयश पुटपुटला.

"नंतर कवा? ती वाट बघून गेली."

श्रीयशचा चेहरा उतरला. मित्रांनो, मला फार बरं वाटलं.

त्याने अजून माझं नाव बदललेलं नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. कुणाचंही अक्षर वापरताना ते कुणाच्या हातचं, हे विचारा. आणि मला जिथे वापराल तिथे खाली 'बयाबाई' लिहा. लग्नपत्रिकेवर, दुकानावर, रिक्षाच्या मागे. तो जाईल तिथे ते नाव त्याला वाचावं लागू दे. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.