एका रुग्णामागे एक पास

नियम करणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, नियम पाळणाऱ्याच्या मनात कपट नसते, आणि तरीही त्या दोघांच्या मधोमध एखाद्या निरपराध जिवाची हानी होऊन जाते. अशा वेळी दोष कोणाच्या पदरी घालावा, हे धर्मशास्त्रालाही सहजी सांगता येत नाही.

अमरावतीची प्राजक्ता रुग्णालय-व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यास करीत होती. उन्हाळ्याच्या सुटीत ती अकोल्याच्या एका खाजगी रुग्णालयात इंटर्नशिपला आली. तिच्याकडे काम आले ते भेटायला येणाऱ्यांची गर्दी आवरण्याचे. वऱ्हाडात आजाऱ्याला भेटायला न जाणे म्हणजे वैर धरण्यासारखे. त्यामुळे एका खाटेभोवती अर्धे गाव डबे घेऊन बसलेले असे. प्राजक्ताने विचारपूर्वक पद्धत बसवली. एका रुग्णामागे एक पास. तो देताना ती घरच्या संस्काराप्रमाणे विचारी, "तुमच्यात मोठे कोण?" आणि त्यांच्याच हाती पास ठेवून बजावी, "हा दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही."

वॉर्ड शांत झाला. दारावरचा रखवालदार गजेंद्र म्हणाला, "म्याडम, पयले इथं लग्नाची पंगत बसे. आता निसतं मौनव्रत हाय."

बाळापूरकडचे केशवराव, भाजीचा मळा करणारे, फुप्फुसाच्या विकाराने दाखल झाले. पास त्यांचे थोरले बंधू भगवंतराव यांना मिळाला. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात जपून ठेवला आणि धाकट्याच्या उशाशी बसले. चहालाही ते उठत नसत. आपण उठलो तर भाऊ एकटा पडेल, एवढेच त्यांना ठाऊक होते.

बाहेर पत्र्याच्या शेडखाली, तापल्या वाऱ्यात, केशवरावांची पत्नी पार्बताबाई बसून असे. रोज जाता-येता दिसे, म्हणून एके दुपारी प्राजक्ता थांबली.

"काकू, कोणासाठी बसलात?"

"मालकासाठी. आत हायेत."

"मग आत का जात नाही?"

"चिठ्ठी भासऱ्यायजवळ हाय ना, माय. तुमीच तं देली."

थोरल्या दिराला तिकडे भासरे म्हणतात. त्यांच्यासमोर पार्बताबाई साऱ्या संसारात कधी मोठ्याने बोलली नव्हती.

"त्यांच्याकडून मागून घ्यायची."

"भासऱ्यायले मागू?" ती किंचित हसली. "घरी कधी पानी पायजे का म्हून इचारलं नाई त्यायले. अन् तुमचा कायदा हाय म्हनतेत. मालक बरे झाले का येतीनच भाईर."

प्राजक्ताने तिचा हात धरला आणि पासाविना तिला आत नेले. गजेंद्र बाजूला झाला.

केशवरावांच्या तोंडावर श्वासाचे यंत्र चढलेले होते. डोळे मिटलेले. भगवंतराव भावजयीशी थेट बोलत नसत, ते प्राजक्तालाच म्हणाले, "सकायपर्यंत बोलत होता, पोरी. ती कुठं हाय, म्हून इचारे. मी म्हनलं, भाईर हाय, खुशाल हाय. मले वाटलं, कायदाच तसा हाय."

आणि ते खाली मान घालून बाहेर गेले.

पार्बताबाई त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर बसली नाही. पतीच्या पायांवर हात ठेवून उभी राहिली. "आली मी," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. केशवरावांनी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऊन कलता कलता ते गेले.

"बाबा, चूक माझी झाली," प्राजक्ता भगवंतरावांना म्हणाली.

"तू मोठं कोन म्हून इचारलं, मी हात पुढं केला. मी तरी तिले कुठं इचारलं?"

महिनाअखेर कामाच्या सादरीकरणात रुग्णालयाच्या संचालकांनी तिची पद्धत वाखाणली. तिने पार्बताबाईची हकीकत सांगितली, तेव्हा ते सौम्यपणे म्हणाले, "एखादा अपवाद घडतोच."

केशवरावांना सद्गती लाभो. भगवंतरावांना आपल्या प्रेमाचा पश्चात्ताप न होवो. त्या मुलीच्या हातून पुढे अनेकांची दारे उघडोत. आणि मळ्यातल्या त्या घरी पार्बताबाईला शांत झोप लागो.