तीस दिवसांचं भूत

# आधी गर्दी

सातपूरच्या त्या दुमजली इमारतीत सर्व्हरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत अठरा अंशांची थंडी, सत्तावीस माणसं आणि एक समई. लोखंडी कपाटाच्या कपाळाला गंध होतं आणि पंख्याच्या तोंडाशी लिंबू-मिरची लटकत होती. पंखा हवा ओढी, तशी मिरची जाळीला चिकटे. लोकांना वाटे, कपाट मिरची हुंगतंय.

"व्हर्च्युअल म्हणजे काय?" ज्ञानेशगुरूंनी डोळे मिटून विचारलं. "ज्याला देह नाही असं मशीन. आणि देह नसलेल्याला धरतं कोण? देह नसलेलंच."

सत्तावीस माना हलल्या. त्यांतल्या चौदा इंजिनिअरांच्या होत्या.

अठ्ठाविसावी मान मात्र पॅन्ट्रीत होती, चहाच्या पातेल्याशेजारी. सर्व्हर सांभाळणारी तृप्ती भोये लॅपटॉपवर खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र बघत बसली होती. तिला त्या खोलीत पाऊल टाकायला बंदी होती, आणि त्याचं कारणही गुरूंनीच शोधलं होतं. पोरगी पेठकडची, डोंगरातून येताना पाठीला काहीतरी लागून आलंय, असं त्यांनी मागच्याच शांतीला सांगून टाकलं होतं. पेठला तृप्तीचे वडील शाळेत विज्ञान शिकवत. पण तिच्या पाठीला लागलंय ते विज्ञान, हे गुरूंना कुठून कळावं?

कंपनीचे मालक निवृत्तीराव आहेर हे मनानं वाईट नव्हते, फक्त घाबरट होते. तृप्तीची मनमाडच्या गोदामात बदली करायचं पत्र त्यांनी टाइप करून ठेवलं होतं. सही आजची शांती झाल्यावर. गोदामात काय होतं? जुने कीबोर्ड. सर्व्हरसाठी तिनं पुण्याची नोकरी सोडली होती.

# मागे जाऊ, थोडंच

ज्यांना यंत्रातलं कळत नाही त्यांच्यासाठी: या कंपनीकडे इतरांची माहिती सांभाळणारे लोखंडी सर्व्हर सहा. त्यांच्या पोटात व्हर्च्युअल मशीन दीडशे. एकाच चाळीत दीडशे बिऱ्हाडं असावीत तसं. एक बिऱ्हाड पंचवटीतल्या दवाखान्याचं, एक द्राक्षाच्या पॅकहाउसचं, एक खुद्द कंपनीच्या हजेरीचं.

प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारावर एक चिठ्ठी असते: याला जलद डिस्क द्या, याच्या माहितीच्या दोन प्रती ठेवा, याला सेकंदाला इतक्याच वेळा वाचू-लिहू द्या. या चिठ्ठीला म्हणायचं स्टोरेज पॉलिसी. दीडशे चिठ्ठ्या हातानं बदलत बसायला कुणाला वेळ आहे? म्हणून स्क्रिप्ट लिहितात. स्क्रिप्ट म्हणजे हुकमांची यादी. ठरल्या वेळी यंत्र ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणत जातं. स्तोत्रच म्हणा, फक्त याचा परिणाम होतो.

तर, दोन महिन्यांपूर्वी अमावास्येला सकाळी दहाच्या ठोक्याला बारा मशीन अचानक रांगायला लागली. दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट उघडायला वीस मिनिटं. ज्ञानेशगुरू आले, शांती केली, आरती झाली, आणि बारा वाजून दहा मिनिटांनी मशीन ताडकन उठली. पुढच्या अमावास्येला पुन्हा तेच. तेव्हापासून गुरूंचं नाव कंपनीच्या खर्चात 'दैवी देखभाल' या सदराखाली वर्षभरासाठी घालायचं घाटत होतं.

तिसऱ्या अमावास्येला, म्हणजे काल, सगळं ऑफिस श्वास रोखून बसलं. काहीच झालं नाही. गुरूंनी फोनवर सांगितलं, मी दुरून कवच घातलंय.

आज सकाळी दहाला मशीन रांगायला लागली.

# जर

"कवच फाटलं काय गं त्यांचं?" सिंधुबाई आल्याचा तुकडा ठेचत म्हणाल्या. पॅन्ट्री त्यांची, चहा त्यांचा, आणि ऑफिसातली निम्मी अक्कलही त्यांचीच, असं तृप्तीचं मत होतं.

"महाराज म्हणतात, अमावास्येची सावली दीड दिवस राहते," तृप्ती म्हणाली.

"कुठली सावली? काल अमावश्या व्हती. आमचा मयूर कांद्याची पिकअप घेऊन गेला न् तसाच भरल्या गाडीनं माघारी आला. आमच्याकडं अमावश्येला लिलाव बंद राहत्यात, त्याच्या ध्यानातच नाय राहिलं. आज सकाळी इकला कांदा." त्यांनी आलं पातेल्यात टाकलं. "बाजार समितीला अमावश्या कळती न् भुताला नाय कळत?"

तृप्तीचा कप हातातच राहिला. सकाळपासून ती मशीनच्या डिस्क तपासत होती, केबली तपासत होती. भुताचं कॅलेंडर तपासायचं तिला सुचलंच नव्हतं. पहिल्या अमावास्येपासून तिनं बोटावर दिवस मोजले. साठ. बरोब्बर साठ, मधलं भूत तिसाव्या दिवशी.

"मावशी, दोन अमावास्यांमध्ये किती दिवस असतात हो?"

"कधी एकोणतीस, कधी तीस. पंचांग काय भिंतीला शोभेला लावतेत काय?"

भूत मात्र प्रत्येक वेळी तीस मोजत होतं. पंचांग न बघता ठरल्या वेळी, ठरल्या दिवशी येणारं भूत म्हणजे भूत नव्हे. ते टाइमटेबल.

# तर

तृप्तीला खोलीत शिरायचा अधिकार नव्हता, पण दीडशे मशीनच्या चिठ्ठ्या बघायचा होता, बदलायचाही होता. तो काढून घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दारावर बंदी घातली की काम झालं, असं सगळ्यांना वाटत होतं.

तिनं कुठल्या मशीनवर कोणती चिठ्ठी आहे ते विचारणारी चार ओळींची छोटी स्क्रिप्ट चालवली. एकशे अडतीस मशीनवर नेहमीच्या चिठ्ठ्या. बारांवर मात्र एक नवीनच, नाव 'जुनी चाचणी'. आत हुकूम: सेकंदाला वीस वेळा वाचू-लिहू द्या, जास्त नाही. नेहमीचा आकडा वीस हजार होता.

यंत्राच्या नोंदवहीत चिठ्ठी बदलल्याची वेळ होती दहा वाजून शून्य मिनिटं. बदलणाऱ्याचं नाव होतं ज्ञानेश. गुरू होण्याआधी हा माणूस डिस्क बसवणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होता आणि त्याचं तेव्हाचं लॉगिन कुणी बंदच केलं नव्हतं. त्याच्या नावावर दोन स्क्रिप्ट लावून ठेवलेल्या. दहाला झपाटणारी, बारा-दहाला उतरवणारी. पहिलीत वरच त्यानं स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं:

# पुढची अमावास्या = मागची + ३०

आकाशातला चंद्र याचं ऐकत नाही, हे त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हतं.

आधी तिनं दवाखान्यासकट अकरा मशीनना त्यांच्या चिठ्ठ्या परत दिल्या. रुग्ण कशाला ताटकळत ठेवायचे? अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि गुरूंची वात अजून पेटत नव्हती, कारण एसीचा झोत सरळ समईवर होता. बारावं मशीन ऑफिसच्या हजेरीचं. ते तिनं झपाटलेलंच ठेवलं, आणि उतरवणारी स्क्रिप्ट बंद करून टाकली.

"आता चहा द्या मावशी. आरतीला वेळ आहे."

# नाहीतर

बारा वाजून दहा. आरती संपली. गुरूंनी नारळ फोडला आणि ऐटीत भिंतीवरच्या पडद्याकडे हात केला, तेव्हा कुठे सगळ्यांच्या नजरा समईवरून तिकडे वळल्या. पडद्यावर अकरा मशीन हिरवी, हजेरीचं मात्र तसंच लाल.

गुरूंनी दुसरा नारळ फोडला. मग तिसरा, तोही पडद्याकडे न बघता. चौथा मागितला तेव्हा कळलं की नारळ संपले.

तेवढ्यात निवृत्तीरावांचा फोन वाजला. पंचवटीचे डॉक्टर आभार मानत होते; पाऊण तासापासून सगळं सुरळीत आहे म्हणाले.

"पाऊण तास?" निवृत्तीरावांनी समईकडे बघितलं. ती पेटून वीस मिनिटं झाली होती.

"संकल्पाचं फळ," गुरू म्हणाले. "मात्र या एका मशीनमध्ये मूळ बाधा दडून बसली आहे. ती मुलगी आसपास असेल."

"आहे ना," तृप्ती म्हणाली. ती लॅपटॉप घेऊन दारात उभी होती, चपला घालून, उंबऱ्याबाहेर. "साहेब, मी आत येत नाही. तुम्ही फक्त एक मशीन सांगा, रुग्णांचं सोडून. कोणतंही."

निवृत्तीराव गोंधळले. "आपलं ते... पगाराच्या स्लिपांचं."

तृप्तीनं एक कळ दाबली. पडद्यावर पगाराचं मशीन लाल झालं. सत्तावीस माणसांच्या तोंडून एकच सुस्कारा निघाला. भुताच्या वेळी नव्हता निघाला इतका मोठा.

"आता उतरवते. मंत्र काय म्हणू? कांदा, बटाटा, टोमॅटो." दुसरी कळ. मशीन हिरवं झालं. पाठोपाठ हजेरीचंही.

मग तिनं नोंद पडद्यावर लावली. नाव, वेळ, आणि अधिक तीसची ती ओळ. सत्तावीस माना गुरूंकडे वळल्या. पंखा तेवढा मिरची हुंगत राहिला.

"मशीनला देह नसतो, महाराज," ती म्हणाली, "पण नोंद असते."

ज्ञानेशगुरूंनी आधी हे आपलं लॉगिनच नव्हे असं सांगून पाहिलं, मग यंत्राची परीक्षा बघत होतो म्हणाले, आणि शेवटी बाहेर जाऊन ढिगात चपला शोधू लागले. इतक्या जोडांत आपला जोड ओळखायला त्या अंतर्ज्ञानी पुरुषाला बराच वेळ लागला. तेवढ्यात निवृत्तीरावांनी पोलिसांना फोन लावला.

बदलीचं पत्र त्यांनी सही न करताच उचललं. ते घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तृप्ती, आत ये. त्या पंख्यात मिरची अडकलीय बघ."

# शेवटची ओळ

सिंधुबाईंनी तिन्ही नारळांची चटणी वाटली. वाटता वाटता त्यांचा हात थांबला.

"पोरी, एक सांग. इथली अमावश्या त्या बाबानं लिहून ठेवली व्हती. मंग आमच्या लिलावाची कुणी लिहिली? कांदा तर त्या दिशी बी तसाच राहतो, नासत नाय."

"नोंद काढायला लागेल, मावशी."

"काढू की. मयूरला इचारते, समितीत कोणाला गाठायचं ते."

म्हणून ही छोटी स्क्रिप्ट, तुमच्या-आमच्यासाठी. चालवायला संगणक लागत नाही:

जर कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, हे करायचा अधिकार कुणाकडे होता?
जर बाधा ठरल्या वेळी आली, तर वेळ कुणी ठरवली ते बघा.
जर दोष दुबळ्याच्या माथी मारला, तर मारणाऱ्याचा हात तपासा.
नाहीतर नारळ फोडत बसा. चटणी तरी होईल.